नाताळात इटलीत बाहेर जेवायचं तर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आठ वाजता सदाशिव पेठेत खानावळ शोधून बघा. दिवे सगळीकडे, रस्त्यावर गर्दी, पण ज्याच्या हातात झारा असायचा तो आपल्या घरी पूजेला बसलेला. २४ डिसेंबरच्या रात्री रोममध्ये आमची नेमकी तीच गत झाली. तीन ठिकाणी शटर खाली. चौथ्या ठिकाणी आत माणसं दिसली, पण ती मालकाचीच मंडळी, लांबच लांब टेबलाभोवती बसलेली. आम्ही काचेतून बघतोय हे पाहून एक आजीबाई हाताने 'उद्या, उद्या' अशी खूण करत होत्या. शेवटी खोलीवर परतलो आणि आईच्या पिशवीतला पातळ पोह्यांचा चिवडा खाल्ला, वर दोन संत्री. दोष कुणाचा नव्हता. दुसऱ्याच्या सणाला त्यांच्या गावी गेलो आणि त्यांचा सण कसा असतो हे विचारलंच नाही, एवढंच.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तयारीने गेलो. दोन्ही खेपेला आम्ही पाच जण: मी, नवरा, आठ-दहा वर्षांची लेक, पुण्याची माझी आई आणि वेंगुर्ल्याच्या सासूबाई. आईला मांस-मासे अजिबात चालत नाहीत, केकमधलं अंडं ती 'दिसत नाही' म्हणून चालवून घेते. सासूबाईंना ताटात मासा नसेल तर आपण जेवलो असं वाटत नाही. या दोन विहिणींना एका टेबलावर तृप्त करायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. खालचं सगळं त्या उद्योगातून शिकलेलं आहे.

आधी कॅलेंडर

इटलीतला नाताळचा हंगाम ८ डिसेंबरला सुरू होतो. त्या दिवशी मेरीच्या निष्कलंक गर्भधारणेची सार्वजनिक सुट्टी असते. मिलानमध्ये तो एक दिवस आधीच, ७ तारखेला उजाडतो, कारण तो शहराचे संत आंब्रोजो यांचा दिवस. हंगाम संपतो ६ जानेवारीला, एपिफानियाला, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला तीन ज्ञानी राजे आले त्या सणाला. त्यांच्यात म्हणच आहे की एपिफानिया सगळे सण गोळा करून घेऊन जाते. मधल्या महिनाभरात बाहेर जेवणं अवघड नसतं. अवघड असतात चार-पाच दिवस, आणि प्रत्येकाची अडचण वेगळी.

२४ डिसेंबर, म्हणजे 'व्हिजीलिया', नाताळची पूर्वसंध्या. कागदोपत्री सुट्टी नाही, पण दुपारनंतर दुकानं मिटायला लागतात आणि संध्याकाळ पूर्णपणे घरची. या रात्री परंपरेने मांस खात नाहीत. थोडक्यात उपास, पण मासा चालणारा उपास. आपल्याकडे उपासाला भात चालत नाही आणि साबुदाण्याची खिचडी परातभर चालते, त्यातलाच प्रकार. 'एकादशी दुप्पट खाशी' त्यांना कुणी शिकवायला नको: तिसऱ्या (शिंपले) घातलेली स्पागेत्ती, तळलेला खारवलेला कॉड, माकुल, कोळंबी, आणि नेपल्सकडे 'कापितोने' म्हणजे जाडजूड वाम. या रात्री 'सात मासे' असतात असं तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ती प्रथा अमेरिकेत गेलेल्या इटालियनांची. इटलीत आकडा ठरलेला नाही.

२५ डिसेंबरला महत्त्व दुपारच्या जेवणाला. ते एक-दीडला सुरू होतं आणि चार-साडेचारपर्यंत चालतं. संध्याकाळी बहुतेक ठिकाणी चूल पेटत नाही. 'नाताळ आपल्या माणसांबरोबर, ईस्टर हवा त्याच्याबरोबर' अशी त्यांची म्हण आहे, आणि घरगुती खाणावळी ती शब्दशः पाळतात. उघडी राहतात ती मोठ्या हॉटेलांतली रेस्तराँ आणि पर्यटकांच्या भागातली काही ठिकाणं.

२६ डिसेंबर, सान्तो स्तेफानो, म्हणजे संत स्टीफनचा दिवस. हीसुद्धा सार्वजनिक सुट्टी, पण या दिवशी इटालियन कुटुंबं स्वतःच घरच्या जेवणाला कंटाळून बाहेर पडतात. बरीच ठिकाणं दुपारी उघडतात, वातावरण सैल असतं आणि पुष्कळदा नेहमीचं मेनूकार्डही मिळतं. मला विचाराल तर सणाचं एकच जेवण बाहेर घ्यायचं असेल तर ते २६ च्या दुपारी घ्या.

३१ डिसेंबरची रात्र म्हणजे 'चेनोने', मोठं रात्रीचं जेवण. ठरलेला मेनू, ठरलेली किंमत, आठ-साडेआठला बसायचं आणि बारापर्यंत उठायचं नाही. साध्या ठिकाणीही माणशी ७०-८० युरो मोजायची तयारी ठेवा. शहरात, चौकातल्या चांगल्या जागी आकडा दीडशेच्या पुढे सहज जातो. बाराच्या सुमारास मसूर येतात, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे दिसतात आणि जितके खाल तितके पैसे येतात म्हणे. सोबत डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज असतं, 'कोतेकीनो' किंवा मोदेनाचं 'झाम्पोने'. लहान मुलं आणि सत्तरीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर चेनोनेच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. आमची लेक तिसऱ्या पदार्थाला झोपली आणि आम्ही तिचे पूर्ण पैसे भरले.

१ जानेवारी सुस्त असतो. २ ते ५ जानेवारी हे दिवस मात्र सोन्यासारखे: स्वयंपाकघरं पूर्ववत, पर्यटक थोडे कमी. फक्त दारावर 'कियूझो पेर फेरिए' अशी पाटी आहे का ते बघा. सुट्टीसाठी बंद असा तिचा अर्थ. डिसेंबरभर राबलेले मालक याच आठवड्यात गावी जातात.

जागा कुठल्या प्रकारची

पाटीवरच्या शब्दांवरून अंदाज येतो. 'रिस्तोरान्ते' थोडं औपचारिक. 'त्रात्तोरिया' आणि 'ओस्तेरिया' घरगुती वळणाच्या, निदान नावाला तरी, कारण हल्ली महागड्या जागाही स्वतःला ओस्तेरिया म्हणवतात. 'पिझ्झेरिया' शाकाहारी माणसाचा भक्कम आधार. 'ताव्होला काल्दा' म्हणजे काचेमागे तयार पदार्थ मांडलेले, बोट दाखवा आणि वजनावर किंवा ताटावर पैसे द्या. भाषेची अडचण असेल तर याच्यासारखी सोय नाही, कारण काय घेतोय ते डोळ्यांसमोर असतं. 'बार' म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळची कॉफी, क्रॉसाँसारखा 'कोर्नेत्तो' आणि दुपारचं सँडविच मिळणारी ती आपल्या इराण्याच्या हॉटेलासारखी जागा. उभ्याने कॉफी प्यायली तर एक दर, टेबलावर बसून प्यायली तर दुसरा, आणि प्रसिद्ध चौकात तो दुसरा दर बघून घोट घशात अडकतो.

वेळा कडक असतात. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. साडेतीनला भूक लागली तर स्वयंपाकघर बंद. मधल्या वेळेला पिझ्झाचे तुकडे वजनावर विकणारं दुकान गाठायचं. दिवसभर चूल चालू असलेली जागा दिसली आणि दारात माणूस उभा राहून हाका मारत असला तर आपण पुढे चालू लागावं.

रोमसाठी एक खास सल्ला. पोर्तिको द'ओत्ताव्हियाच्या आसपास जुनी ज्यू वस्ती आहे. तिथली कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, रेस्तराँ नाताळाला सहसा चालू असतात, कारण तो त्यांचा सण नाही. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार मात्र टाळा, तेव्हा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. कोशर नियमात दूध आणि मांस एकत्र येत नाही, त्यामुळे तिथे दोन प्रकारची स्वयंपाकघरं असतात. दुग्धजन्य पदार्थांच्या स्वयंपाकघरात मांस शिरतच नाही, मासा असतो. आमच्या विहिणी-विहिणींचा प्रश्न तिथे एका फटक्यात सुटला: आईला 'ज्यू पद्धतीचं' अख्खं तळलेलं आर्टिचोक, कमळासारखं उमललेलं आणि पाकळ्या कुरकुरीत, सासूबाईंना मासा. आर्टिचोकचा रोमन हंगाम खरं तर फेब्रुवारीनंतर, पण डिसेंबरात ते दक्षिणेकडून आणि सार्डिनियातून येतात. आईने दोन खाल्ले.

टेबल राखून ठेवा

२५ आणि ३१ तारखेसाठी तीन-चार आठवडे आधी. २६ साठी आठवडाभर पुरतो. बाकी दिवसांत सकाळी फोन केला की संध्याकाळी जागा मिळते. इटलीत 'दफोर्क' नावाचं ॲप चांगलं चालतं, पण सणाच्या दिवसांची टेबलं घरगुती ठिकाणं ॲपवर टाकत नाहीत. फोन करा, किंवा व्हॉट्सॲपवर लिहा. पुष्कळ जण व्हॉट्सॲपचा नंबर देतात आणि लिहिलेलं उत्तर पुढे कामाला येतं. फोन सकाळी अकराच्या किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास. दुपारी एक वाजता केलात तर पलीकडच्या माणसाच्या हातात चार ताटं असतात.

एवढं वाक्य पाठ केलं तरी काम होतं: 'वोर्रेइ प्रेनोतारे उन ताव्होलो पेर चिंक्वे, पेर इल व्हेन्तिसेइ दिचेंब्रे, आ प्रान्झो.' मला २६ डिसेंबरला दुपारच्या जेवणासाठी पाच जणांचं टेबल हवंय. रात्रीसाठी 'आ चेना'.

मग पाच गोष्टी विचारा. मेनू ठरलेला आहे की कार्डावरून मागवता येईल? पेयं किमतीत धरली आहेत का? लहान मुलांचा दर वेगळा आहे का? आगाऊ रक्कम द्यायची का आणि बेत रद्द झाला तर ती परत मिळते का? आगाऊ रकमेला 'कापार्रा' म्हणतात, आणि सणाच्या दिवशी ती मागितली तर संशय घेऊ नका, रीत आहे. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिला पुढचा अख्खा भाग दिलाय.

आरक्षण केलं आणि जायचं नसेल तर कळवा. २५ तारखेला दहा टेबलांच्या जागेत एक टेबल रिकामं राहिलं तर त्या माणसाचा दिवस फुकट जातो.

शाकाहार: कुठे फसतो

'वेजेतारियानो' हा शब्द आज इटलीत सगळ्यांना कळतो. तरी नुसता तो शब्द टाकून निर्धास्त राहू नका. पहिल्या खेपेला एका ठिकाणी आईने भाज्यांचं सूप मागवलं. 'मांस नाही ना?' 'नाही, नाही, फक्त भाज्या.' अर्धी वाटी झाल्यावर नवऱ्याला शंका आली, आणि निष्पन्न झालं की पाणी म्हणून गाईच्या हाडांचा अर्क वापरलाय. वाढपी खोटं बोलला नव्हता. त्याच्या डोक्यात मांस म्हणजे दाताखाली येतं ते. अर्क म्हणजे 'ब्रोदो', आणि ब्रोदो त्यांच्या लेखी आपल्या फोडणीसारखा: तो काय वेगळा पदार्थ आहे का?

म्हणून विचारायचं ते असं: 'चे इल ब्रोदो दि कार्ने?' यात मांसाचा अर्क आहे का? आणि आरक्षणाच्या निरोपातच लिहायचं: 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दि कार्ने.' मांस नको, मासे नकोत, मांसाचा अर्क नको. सणाच्या ठरलेल्या मेनूत स्वयंपाकी आयत्या वेळी फार बदल करू शकत नाही. चार दिवस आधी कळलं तर मात्र तो आनंदाने वेगळं ताट करतो. एका ठिकाणी आईसाठी केलेलं भोपळ्याचं रिसोत्तो, म्हणजे मऊ भात, बघून शेजारच्या टेबलाने तेच मागितलं होतं.

अर्क लपून बसतो तो रिसोत्तोत, सुपात आणि शिजवलेल्या कडधान्यांत. मिलानचं केशरी रिसोत्तो रंगाने साखरभातासारखं लोभस दिसतं, पण पारंपरिक कृतीत हाडातला मगजही असतो. बोलोन्या आणि आसपासच्या भागात नाताळाला 'तोर्तेल्लीनी इन ब्रोदो' हवेतच. इवलीशी मोदकाची भावंडं दिसतात, आत डुकराचं मांस, बाहेर कोंबडीचा अर्क. त्या सारणाची कृती ७ डिसेंबर १९७४ रोजी बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवून ठेवली आहे, तेव्हा 'मांस काढून द्या' म्हणण्यात अर्थ नाही.

त्यानंतर खारवलेले छोटे मासे, 'अच्चूगे'. हे भाजीत दडतात. रोममध्ये हिवाळ्यात 'पुन्तारेल्ले' नावाची कुरकुरीत, किंचित कडवट पालेभाजी मिळते, तिच्यावरची चटणी याच माशांची. भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांतही मोझ्झारेल्लाबरोबर एक अच्चूगा असतो. आपल्याकडची फुलांची भजी आठवून हात पुढे करायच्या आधी विचारा. पियादीना आणि काही ठिकाणच्या भाकरीसारख्या पोळ्यांत डुकराची चरबी असते, 'स्त्रुत्तो'. कालाब्रियाची 'न्दूया' काचेच्या बरणीत थेट लाल मिरचीच्या ठेच्यासारखी दिसते. ती डुकराची आहे. नवऱ्याने ती पोळीला लावून घेतली होती, त्याला चालतं म्हणून निभावलं.

उलट दिशेचं एक गमतीचं उदाहरण: पिझ्झावर 'पेपेरोनी' लिहिलं असेल तर शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. इटालियनमध्ये त्याचा अर्थ ढोबळी मिरची. अमेरिकी पद्धतीचं तिखट सॉसेज हवं असणाऱ्यांनी 'दियाव्होला' किंवा 'सालामे पिक्कान्ते' मागावं.

'दि माग्रो' हा शब्द लक्षात ठेवा. शब्दशः 'रोडक्याचं', म्हणजे मांसविरहित. वर्षभर 'राव्हियोली दि माग्रो' म्हटलं की बहुधा रिकोत्ता चीज आणि पालक. पण २४ डिसेंबरला 'माग्रो' म्हणजे मासे. एकच शब्द, तारखेनुसार अर्थ वेगळा.

आता चीज. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो यांच्या नियमांतच वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध फाडायचं असं आहे, आणि पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे कडक अर्थाने ही चीजं शाकाहारी नाहीत. मास्कार्पोने आंबट घालून फाडतात, तिथे हा प्रश्न येत नाही. हा निर्णय टेबलावर घेऊ नका, घरी घ्या. आईला मी निघण्याच्या आठवडाभर आधी सांगितलं. तिने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "मोझ्झारेल्ला खाईन, ते किसलेलं नको. आणि मला दर घासाला आठवण करून देऊ नकोस." चीज पूर्ण वर्ज्य असेल तर 'पिझ्झा मारिनारा': टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना तयार रश्श्यांत वाव नाही, कारण बहुतेकांचा पाया कांदा, गाजर आणि सेलरी परतून घालतात. त्यांनी 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो' म्हणावं आणि मार्गेरीता पिझ्झा, भाजलेल्या भाज्या, मक्याच्या पिठाचा पोलेंता, लोण्यातला साधा पास्ता यांच्याकडे वळावं. अंडं चालत नसेल तर सुकवलेला पास्ता घ्या: इटलीत १९६७ पासूनच्या कायद्याप्रमाणे तो गव्हाच्या कडक जातीच्या रव्याचा आणि पाण्याचा असतो. उत्तरेकडच्या ताज्या पास्त्यात, तालियातेल्लेमध्ये वगैरे, अंडं असतंच. गुरुवार मार्गशीर्षातला असेल आणि तुमच्याकडे महालक्ष्मीचं व्रत असेल तर फळं, भाजलेले चेस्टनट आणि गरम दूध एवढ्यावर दिवस सुखाने जातो. चेस्टनट कोपऱ्याकोपऱ्यावर भाजत असतात, वासावरून सापडतात.

गोडात 'पान्ना कोत्ता' घट्ट करायला जिलेटिन वापरतात, ते प्राण्यांपासून बनतं. तिरामिसूत कच्चं अंडं असतं आणि पुष्कळदा मद्यही. नाताळच्या गोड पावात, 'पानेत्तोने'मध्ये, अंड्याचा पिवळा बलक, लोणी. अंड्याशिवाय गोड हवं असेल तर सिएनाचं 'पानफोर्ते' शोधा: मध, साखर, बदाम, मुरवलेली फळं, मसाले, थोडं पीठ. आमच्याकडे त्याला 'चिक्कीचा थोरला भाऊ' असं नाव पडलंय.

हिवाळ्यात आधार देणारे पदार्थ, अर्काचा प्रश्न विचारून झाल्यावर: तोस्कानातली 'रिबोल्लीता', म्हणजे काळपट पालेभाजी, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव पुन्हा उकळून केलेलं घट्ट सार. वाल्तेल्लीना भागातले 'पिझ्झोक्केरी', कुट्टूच्या पिठाचा पास्ता, कोबी, बटाटे आणि भरपूर चीज. व्हेनेतोकडची लांब, लाल पालेभाजी, 'त्रेव्हीझोचा रादिक्क्यो', भाजलेली. आणि दक्षिणेत कुठेही, हिरव्या कडू भाज्या लसूण-मिरचीत परतलेल्या. तेवढ्यावर आईने एकदा शुद्ध पुणेरी शेरा मारला, "मेथीची भाजी आहे ही, फक्त जास्त पैशांची."

कार्ड वाचताना

आधी 'आंतीपास्ती' म्हणजे सुरुवातीचं तोंडीलावणं, मग 'प्रीमी' म्हणजे पास्ता, भात, सूप, मग 'सेकोंदी' म्हणजे मांस-मासे, 'कोंतोर्नी' म्हणजे सेकोंदोबरोबरच्या भाज्या (त्या वेगळ्या मागवायच्या), शेवटी 'दोल्ची'. पाचही घ्यायलाच हवेत असं नाही. एक प्रीमो आणि एक कोंतोर्नो हे रीतीला धरून असलेलं पूर्ण जेवण आहे, शाकाहाऱ्याचं तर नक्कीच. पण पाच जणांत एक पास्ता मागवून पाच चमचे फिरवणं बरं दिसत नाही. पंगतीसारखं सगळं मध्ये ठेवायचं असेल तर आंतीपास्ती तसे मागवा, पास्ता ज्याचा त्याचा.

पदार्थापुढे फुली असेल आणि तळाशी बारीक अक्षरात 'सुर्जेलातो' असेल तर तो गोठवलेला माल. आकडे असतील तर ते ॲलर्जीचे: युरोपीय नियमांनुसार १४ घटकांची माहिती द्यावी लागते, आणि शेंगदाणे, तीळ, अंडं, मासे हे त्यात येतात. शब्द सुचले नाहीत तर आकड्यांवर बोट ठेवता येतं.

माशांच्या रकान्यात किमतीपुढे 'एत्तो' दिसला की सावध. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. ७ युरो लिहिलेला मासा ८०० ग्रॅमचा निघाला की ५६ युरो होतात. सासूबाईंनी यावर स्वतःचा उपाय काढला. मासा टेबलाशी मागवायचा, कल्ले उघडून बघायचे, मग मान हलवायची. वाढप्याने तिसऱ्या दिवशी त्यांना आतल्या बर्फाच्या पेटीपर्यंत नेलं. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती.

तिसऱ्यांच्या स्पागेत्तीवर चीज मागू नका, मिळेल पण कपाळावर आठ्या पडतील. 'आल्फ्रेदो' पास्ता आणि गार्लिक ब्रेड पुण्यामुंबईत ठीक, तिथल्या साध्या खाणावळीत शोधू नका. तिखट हवं असेल तर 'पेपेरोंचीनो' मागा, सुकी मिरची किंवा तिचं तेल आणून देतात. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, पण ती बाहेर काढली फक्त खोलीवर.

बसल्यावर आणि उठताना

पाणी फुकट येत नाही. बाटली येते: 'नातुराले' साधं, 'फ्रित्झांते' सोड्यासारखं. पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे 'कोपेर्तो' या नावाखाली माणशी दोन-तीन युरो लागतात. ही फसवणूक नाही, कार्डावर छापलेलं असतं. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो आकारायला मनाई केली, म्हणून तिथे बिलावर 'पाने' म्हणजे पावाचे पैसे येतात. पाव नको असेल तर तसं सांगून परत पाठवा.

कापुचीनो सकाळचं पेय. जेवणानंतर मागितलं तर देतात, हसतात. एस्प्रेसो घ्या, तोही गोड खाऊन झाल्यावर, सोबत नव्हे.

बिल आपणहून येत नाही. ताटं उचलून नेली, तुम्ही अर्धा तास गप्पा मारल्या, तरी कुणी फिरकणार नाही, कारण टेबल त्या वेळेपुरतं तुमचं असतं. 'इल कोंतो, पेर फाव्होरे' म्हणा. 'सेर्व्हित्सियो' नावाची रक्कम आधीच लावलेली असेल तर वर काही द्यायची गरज नाही. नसेल तरी बक्षिसीची सक्ती नसते. सणाच्या दिवशी आम्ही पाच-दहा युरो ठेवतो, कारण तो माणूस त्याच्या घरच्या टेबलावरून उठून आलेला असतो. कार्डाने पैसे घेणं दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे, तरी थोडी रोकड खिशात असावी.

२५ ला रोममध्ये असाल तर आणखी एक हिशोब: दुपारी बाराला सेंट पीटरच्या चौकात पोपचा आशीर्वाद असतो आणि ती सगळी गर्दी एकदमच जेवायला उठते. त्या बाजूचं टेबल दीडचं ठेवा, आणि बस-मेट्रोचं सणाचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या, कारण गाड्या कमी धावतात. नदीपल्याड चालत पोहोचता येईल अशी जागा सर्वांत बरी.

काहीच मिळालं नाही तर

२४ च्या सकाळी सुपरमार्केट उघडं असतं. तिथून पाव, मोझ्झारेल्ला, टोमॅटो, ऑलिव्ह, संत्री आणि एक पानेत्तोने घेऊन ठेवा, मग रात्र कशीही जावो. 'गास्त्रोनोमिया' म्हणजे तयार पदार्थांच्या दुकानात दुपारपर्यंत भाज्यांची लझान्या, भरलेली वांगी मिळतात. 'दा पोर्तारे व्हिया' म्हटलं की बांधून देतात. २५ च्या संध्याकाळी चिनी आणि भारतीय-बांगलादेशी रेस्तराँ बहुधा उघडी असतात, मोठ्या स्टेशनांतही काही ना काही मिळतं. पहिल्या खेपेला २५ च्या रात्री रोमच्या तेर्मिनी स्टेशनाजवळ आम्ही डाळ-भात खाल्ला. वाढणारा मुलगा बांगलादेशातल्या सिल्हेटचा होता. त्याने आईला न विचारता वर तूप वाढलं.

पानेत्तोने घेताना पुठ्ठ्यावर ते नाव आहे ना ते बघा. २००५ च्या सरकारी नियमानुसार हे नाव लावायचं तर किमान १६ टक्के लोण्याचा स्निग्धांश आणि २० टक्के मनुका-मुरवलेली सालं हवीत. कमी घातलं तर 'नाताळचा गोड पाव' असं काहीतरी लिहून विकतात. मनुका न आवडणाऱ्या मुलांसाठी व्हेरोनाचा ताऱ्याच्या आकाराचा 'पांदोरो', वर पिठीसाखर भुरभुरायची पुडी आतच असते. ६ जानेवारीनंतर दोन्हींच्या किमती धाडकन उतरतात. मिलानमध्ये तर एक तुकडा ३ फेब्रुवारीपर्यंत, सान ब्याज्योच्या दिवसापर्यंत राखून ठेवतात आणि तो खाल्ला की वर्षभर घसा दुखत नाही म्हणतात. आमचं परतीचं विमान ७ तारखेला होतं. सासूबाईंनी हातातल्या पिशवीत अर्ध्या किमतीची तीन खोकी घेतली, एक वेंगुर्ल्याला, दोन पुण्यात विहिणीच्या शेजारणींना.